कड्यावरून पक्षी पाहायचे तर: वायलुसिंगच्या वाटांवर एक दिवस

रानात पक्षी पाहणाऱ्याची मान कायम वर असते. मे महिन्यातल्या एका सकाळनंतर ती दुखायलाही लागते. नदीकाठच्या उंच कड्यावर मात्र हा हिशेब उलटा होतो. घिरट्या घालणाऱ्या गिधाडाची पाठ दिसते, गरुड पायाखालून जातो आणि उतारावरच्या ओक वृक्षांचे शेंडे थेट नजरेसमोर येतात. एरवी ज्या पक्ष्याचा फक्त आवाज ऐकून परतावे लागते, तो इथे समोरच्या फांदीवर गाताना दिसू शकतो. त्यासाठी एकच गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कड्यावर कोणता पक्षी कुठे दिसेल हे उंची ठरवते आणि त्या उंचीवर कधी पोहोचायचे हे घड्याळ ठरवते. इथली वाट मैलांवर आखू नये, वेळेवर आखावी.

उदाहरणासाठी मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले वायलुसिंग स्टेट पार्क घेतले आहे. विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळते त्या संगमावर हे उद्यान आहे. प्रेरी डू शीन हे गाव समोरच्या काठावर दिसते. मॅडिसनहून गाडीने साधारण दोन तास लागतात, शिकागो किंवा मिनिआपोलिसहून चारच्या आसपास. त्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शनिवार-रविवारी सहज जमेल असे हे ठिकाण आहे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथले कडे लगेच आपलेसे वाटतात, उंची जेमतेम 500 फूट असली तरी. इथली पद्धत मिसिसिपीकाठच्या दुसऱ्या कोणत्याही कड्यावर तशीच वापरता येते.

जागा समजून घ्या

उत्तर अमेरिकेचा हा भाग हिमयुगात बर्फाच्या थरांच्या तडाख्यातून वाचला. आजूबाजूचा प्रदेश हिमनद्यांनी घासून सपाट केला, पण इथे मात्र खोल घळी आणि उभे खडक शिल्लक राहिले. त्यामुळे अर्ध्या तासाच्या चालीत तीन वेगवेगळी जगे भेटतात: तळाशी पुराच्या पाण्यात उभे असलेले जंगल आणि नदीचे मागे साचलेले पाणी, मधल्या उतारांवर सावलीच्या ओल्या घळी, आणि वर ओक-हिकरीचे रान व उघडा कडा.

शिवाय मिसिसिपीचे खोरे हा स्थलांतराचा मोठा मार्ग आहे. वसंतात पक्षी याच नदीच्या आधाराने उत्तरेकडे सरकतात. 1924 मध्ये स्थापन झालेले अप्पर मिसिसिपी राष्ट्रीय वन्यजीव व मत्स्य अभयारण्य या नदीच्या बाजूने 261 मैल पसरले आहे. कड्यावरून खाली बेटांची आणि कालव्यांची जी गुंतागुंत दिसते, ती त्याचाच भाग.

महिना निवडा

एकदाच जाणे शक्य असेल तर मेचा मध्य धरा. तेव्हा झाडांची पालवी अजून दाट झालेली नसते, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेले वॉर्बलर हे छोटे गाणारे पक्षी रंगात आणि सुरात असतात, आणि डासांचा खरा त्रास सुरू व्हायचा असतो. (छोट्या काळ्या माश्या मात्र मेच्या शेवटी सतावतात. टोपीवर जाळी असलेली बरी.) जूनमध्ये स्थलांतर संपते, पण घरटी करणारे पक्षी गात राहतात. पाने दाट झाल्यामुळे तेव्हा कानावर भिस्त ठेवावी लागते. सप्टेंबरमध्ये शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघतात. ऑक्टोबरचे रंग सुंदर असतात, पण गर्दीही तेवढीच असते. पक्ष्यांसाठी मी तरी तो महिना निवडणार नाही.

एक सूचना: विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांत वसंताच्या सुरुवातीला, तसेच नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत काही भागांत शिकारीला परवानगी असते. त्या दिवसांत जाणार असाल तर उद्यानाचा नकाशा पाहून बंद भाग ओळखा आणि भडक केशरी जाकीट घाला.

सामान

दुर्बीण 8×42 ची घ्या. आठपट मोठे दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर असतो, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ येते. कड्यावरून दूरवर पाहायचे म्हणून अनेक जण दहापटीची घेतात. पण चढून आल्यावर हात थरथरतात, आणि जास्त पटीत ती थरथरही मोठी दिसते. शिवाय दृश्याचा आवाका कमी होतो, त्यामुळे पानांत उड्या मारणारा वॉर्बलर सापडतच नाही. खूप दूरचे पाहायचेच असेल तर गटात एखादा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, असू द्या. तो गाडीजवळच्या कड्यावर वापरा, वाटेवर ओझे नको.

घरूनच दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या. आधी दोन नळ्यांतले अंतर असे ठेवा की एकच गोल दिसेल. मग उजवा डोळा मिटा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी दूरची पाटी स्पष्ट करा. नंतर डावा डोळा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीचा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा तिला हात लावायची गरज पडत नाही. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप आत ढकला. इतके न करता महागडी दुर्बीण गळ्यात अडकवणाऱ्यांना दिवसभर धूसरच दिसते, आणि दोष मात्र पक्ष्याच्या माथी जातो.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे मर्लिन हे मोफत अ‍ॅप फोनवर घ्या आणि त्या भागाचा पक्षीसंच आधीच उतरवून ठेवा. घळींत मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. मर्लिन आवाज ऐकून नाव सुचवते, पण सुचवलेले नाव नोंदीत लिहिण्यापूर्वी पक्षी स्वतः पाहा, निदान स्वतः ऐका. एकमेकांसारखे सूर असलेल्या जातींत अ‍ॅप चुकते.

कपडे फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे घ्या आणि पँट मोज्यात खोचा. याचे कारण गोचीड. विस्कॉन्सिनमध्ये हरणांवरच्या बारीक गोचिडीमुळे लाइम रोग होतो. फिक्या कापडावर ती लगेच दिसते. डीईईटी हे कीटक दूर ठेवणारे रसायन असलेला फवारा अंगाला, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांना आणि तेही आदल्या दिवशी. परतल्यावर गुडघ्यामागे, कंबरेला, काखेत आणि केसांत शोधा. मुलांना आधी तपासा. मेमध्ये पहाटे तापमान 5 ते 10 अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी अंगावर सुती शर्टसुद्धा जड होतो, म्हणून एकावर एक काढता येतील असे थर घाला. खाण्याला दशम्या किंवा थालीपीठ आणि लसणाची चटणी उत्तम. कागदाचा आवाज नाही, चुरा नाही, आणि कड्यावर बसून खाता येते.

पहाट: तळाशी

उद्यानाचे दार वरच्या अंगाला आहे, त्यामुळे बहुतेक जण वर गाडी लावून वरूनच सुरुवात करतात. पक्ष्यांसाठी याच्या उलट करा. गाडी लाँग व्हॅली रोडने थेट खाली बोट लँडिंगपाशी, म्हणजे होड्या पाण्यात सोडण्याच्या जागेपाशी न्या. दैनंदिन प्रवेश सकाळी 6 पासून असतो आणि मेमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. उजाडण्याआधीपासून तिथे असायचे असेल तर आदल्या रात्री उद्यानातच तंबू ठोकायला हवा. तंबूच्या जागा आधी राखून ठेवाव्या लागतात. गाडीला विस्कॉन्सिनचा प्रवेश-पास लागतो. इलिनॉय किंवा मिनेसोटाची नंबरप्लेट असेल तर तो जास्त महाग पडतो.

लँडिंगपाशी पहिला तास फारसे चालूच नका. साचलेल्या पाण्यात उभ्या असलेल्या मेपल आणि विलोच्या बुंध्यांकडे पाहत उभे राहा. इथला मानकरी म्हणजे प्रोथोनोटरी वॉर्बलर. हळदीसारखे पिवळे डोके आणि छाती, निळसर राखी पंख. बहुतेक वॉर्बलर उघड्यावर घरटे बांधतात, हा मात्र पाण्यावर झुकलेल्या झाडाच्या ढोलीत राहतो, बऱ्याचदा सुतार पक्ष्याने कोरून सोडलेल्या. सूर एकाच पट्टीत, खणखणीत: स्वीट-स्वीट-स्वीट-स्वीट. आवाज आला की पाण्यापासून डोक्याइतक्या उंचीपर्यंतच शोधा. शेंड्याकडे पाहण्यात वेळ जाईल.

तिथेच राखी-निळा मोठा बगळा, बेल्टेड किंगफिशर हा आपल्या खंड्याचा खडखडाटी भाऊबंद, आणि ढोलीत अंडी घालणारी वुड डक ही बदकेही दिसतात. ऑस्प्रेवर लक्ष ठेवा. हा मासेमार शिकारी पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात किनाऱ्यावर आणि धरणांवर येतो. जात एकच, इथे ती मिसिसिपीवर भेटते. कड्याच्या पायथ्याने मालगाड्यांचा लोहमार्ग जातो. चांगला पक्षी दिसला म्हणून रुळांवर उभे राहू नका. गाड्या वेगात येतात आणि वळणामुळे उशिरा दिसतात.

निघण्यापूर्वी लाँग व्हॅली रोडवर थोडे मागे चालत जा. दाट झुडपांतून चुर्री-चुर्री-चुर्री असा घोळवलेला आवाज आला तर तो केंटकी वॉर्बलर. पिवळे पोट, डोळ्यापासून गालावर उतरलेले काळे कल्ले. हा जमिनीलगत राहतो आणि सहजी बाहेर येत नाही. रस्त्यावरच थांबा, पाच-दहा मिनिटे द्या. झुडपात शिरू नका, कारण याचे घरटे जमिनीवरच असते.

सकाळ: उतारावर

लँडिंगपासून सेंटिनल रिज ही सोंडेवरून चढणारी वाट कड्यापर्यंत जाते, दीड मैलाच्या आसपास. ट्रेकरच्या पायांना हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम. पक्षी पाहणाऱ्याने त्याला दोन-अडीच तास द्यावेत. वीस पावले चाला, दोन मिनिटे उभे राहा. नुसते चालत राहणाऱ्याच्या बुटांचा आवाज त्याच्या कानापर्यंत आधी पोहोचतो, पक्ष्याचा नाही.

काळ्या टोपीचा छोटा चिकडी पक्षी चिक-अ-डी-डी करू लागला की तिथेच थांबा. मेमध्ये दमून आलेले वॉर्बलर या स्थानिक पक्ष्यांच्या टोळीत सामील होतात, कारण चिकडीला खाणे आणि धोका दोन्ही माहीत असतात. एका टोळीत पाच-सहा जाती सहज निघतात. सगळे एकदम ओळखायचा प्रयत्न करू नका. एक पक्षी धरा आणि क्रमाने पाहा: डोळ्यावर पट्टा आहे का, पंखावर पांढऱ्या रेघा आहेत का, पोटावर रेघोट्या आहेत का, शेपटी खालून कशी दिसते. तो गेला की दुसरा. दुर्बीण लावतानाही नजर पक्ष्यावरून हलवू नका, दुर्बीण नजरेपर्यंत आणा. नवशिक्यांचे निम्मे पक्षी खाली दुर्बिणीकडे पाहण्यात निसटतात.

जंगलाच्या जमिनीवरून टीचर-टीचर-टीचर असा चढत जाणारा आवाज ओव्हनबर्डचा. एखाद्या सुकलेल्या झाडावर आयताकृती, हातभर लांब खाचा दिसल्या तर त्या पायलिएटेड सुतार पक्ष्याच्या. तो कावळ्याएवढा असतो, डोक्यावर लाल तुरा.

घळीतली ओल आवडणाऱ्या पक्ष्यांसाठी शुगर मेपल नेचर ट्रेल वेगळी करावी लागते. तिच्यावर पिक्चर्ड रॉक ही खडकातली कपार आहे आणि पाऊस झाला असेल तर तिच्यावरून पाणी पडते. लुइझियाना वॉटरथ्रश अशाच ओढ्यांत दगडांवरून चालतो आणि आपल्या धोबी पक्ष्यासारखा मागचा भाग सतत वर-खाली हलवतो. अकेडियन माशीमाऱ्याचे पीट-सा हे दोन अक्षरी ओरडणेही घळीतच ऐकू येते. ओले दगड आणि पायऱ्या निसरड्या असतात. दुर्बीण डोळ्याला लावून एकही पाऊल टाकायचे नाही, हा नियम सगळीकडे आणि इथे दुप्पट.

सेंटिनल रिजवर वर येताना मातीचे उंचवटे लागतात. काही लांबट, काही प्राण्यांच्या आकाराचे. हे मूळ अमेरिकन लोकांनी रचलेले टेकाड आहेत आणि हो-चंकसारख्या समाजांसाठी आजही पवित्र आहेत. चांगल्या कोनातून पक्षी दिसतो म्हणून त्यांच्यावर चढू नये.

कबुतराचा स्तंभ

याच वाटेवर दगडी चौथऱ्यावर एक फलक आहे. त्यापाशी आवर्जून थांबा. पॅसेंजर पिजन या कबुतराच्या स्मरणार्थ विस्कॉन्सिनच्या पक्षीअभ्यासकांच्या संस्थेने 1947 मध्ये तो उभारला. विस्कॉन्सिनमधले शेवटचे पॅसेंजर पिजन सप्टेंबर 1899 मध्ये बॅबकॉक इथे मारले गेले असे त्यावर कोरले आहे, आणि ही जात माणसाच्या हावेने व अविचाराने संपली असेही स्पष्ट लिहिले आहे. एकेकाळी हा पक्षी उत्तर अमेरिकेत सर्वांत जास्त संख्येने होता. 1871 मध्ये विस्कॉन्सिनच्या मध्यभागी त्यांची जी वसाहत भरली ती सुमारे 850 चौरस मैलांवर पसरली होती, आणि नंतरच्या अभ्यासात तिथल्या पक्ष्यांचा अंदाज 13 कोटी 60 लाख इतका निघाला. तार आणि रेल्वे आल्यावर वसाहतीची बातमी व्यावसायिक शिकाऱ्यांना लगेच मिळू लागली आणि पिंपेच्या पिंपे भरून पक्षी शहरांत गेले. या जातीची शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

समोर तीच नदी आहे जिच्यावरून हे थवे जात. मुलांना बरोबर नेले असेल तर हे त्यांना इथेच सांगा. यादीत एखादा पक्षी दिसणे ही किती नाजूक गोष्ट आहे, ते या जागी लगेच कळते. आज सकाळी ज्याच्या मागे आपण फिरलो तो केंटकी आणि पुढे कड्यावर भेटणारा सेरुलियन या दोन्ही वॉर्बलरना विस्कॉन्सिनने संकटग्रस्त जातींच्या यादीत ठेवले आहे. म्हणूनच फोनवर त्यांचा आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावू नका. नर आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून गाणे, खाणे सोडून धावतो, आणि शनिवारी दहा गट तसे करून जातात तेव्हा त्याचा सगळा दिवस त्यातच जातो.

दहाच्या सुमारास: कड्यावर

आता पॉइंट लुकआउट, कड्यावरून नदी पाहण्याची जागा. सकाळी नऊ-दहाला इथे पोहोचण्याचे दोन फायदे आहेत. नदी पश्चिमेला, म्हणजे सूर्य अजून पाठीशी आणि समोरच्या पक्ष्यावर पूर्ण उजेड. दुपारनंतर तोच सूर्य डोळ्यांवर येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. दुसरे म्हणजे दहाच्या आसपास खडक आणि उतार तापून गरम हवा वर उठू लागते. कड्यावर आदळणारा वाराही वर वळतो. पंख न हलवता उंची गाठण्याची ही वेळ.

सर्वांत आधी टर्की व्हल्चर ही गिधाडे उठतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: पंख किंचित वर उचलून उथळ व्ही आकार, आणि उडताना इकडून तिकडे डुलणे. पांढऱ्या डोक्याचा बॉल्ड ईगल पंख फळीसारखे सपाट धरतो आणि अजिबात डुलत नाही. त्याचे पांढरे डोके आणि शेपूट यायला चार-पाच वर्षे लागतात, म्हणून मोठा तपकिरी पक्षी सपाट पंखांनी जात असेल तर तो तरुण गरुड असण्याची शक्यता धरा. 1972 मध्ये अमेरिकेत अंड्यांची कवचे पातळ करणाऱ्या डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली, गरुडांच्या अंड्यांची कवचे पुन्हा भक्कम झाली आणि 2007 मध्ये तो देशाच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. आज या कड्यावर तो न दिसलेली सकाळ विरळा.

बहिरी ससाण्यासाठी खडकांच्या उभ्या भिंती न्याहाळा. 1960 च्या दशकापर्यंत तो अमेरिकेच्या पूर्व भागातून घरटे करणारा पक्षी म्हणून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले सोडल्यावर तो परतला आणि मिसिसिपीच्या कड्यांवर पुन्हा घरटी करू लागला. सह्याद्रीच्या कड्यांवरचा शाहीन ससाणा याच जातीचा, दक्षिण आशियातला. हरिश्चंद्रगडावर किंवा ड्यूक्स नोजवर त्याची झेप पाहिलेल्याला इथे नवे काही शिकावे लागत नाही.

पांढरे मोठे पक्षी गोल फिरत एकदम दिसेनासे होऊन पुन्हा चमकत असतील तर ते पेलिकन. पंखांचे टोक काळे असते. मान लांब ताणून, कर्णा वाजवल्यासारखे ओरडत जाणारे सँडहिल क्रौंच. बगळा उडताना मान आखडून घेतो, हा फरक दोन मैलांवरूनही दिसतो.

खोरे इतके मोठे आहे की "तो बघ" म्हणून कुणालाच काही दिसत नाही. आधी खुणा ठरवा: अमुक बेट, पुलाचा खांब, मालवाहू बार्ज. मग "बेटाच्या डाव्या टोकावर, क्षितिजाच्या एक बोट खाली" असे सांगा.

सेरुलियन वॉर्बलर मात्र दूर नसतो. आकाशी पाठीचा, दक्षिण अमेरिकेच्या अँडीजमधून आलेला हा छोटा पक्षी उंच ओकच्या अगदी टोकाला गातो. खालून त्याचे पांढरे पोट तेवढे दिसते. कड्याच्या काठावर शांत बसा आणि समोर उतारावरच्या शेंड्यांवर नजर ठेवा. भुणभुणती सुरुवात आणि वर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली की त्या झाडाचे सर्वांत वरचे टोक पाहा.

ब्लफ ट्रेलवरून ट्रेझर केव्ह या गुहेपर्यंत जाता येते, पण जिने आणि अरुंद जागा आहेत. दृष्टिभय असलेल्यांनी किंवा लहान मुले बरोबर असलेल्यांनी ती सोडावी. उन्हात तापलेल्या खडकांवर टिंबर रॅटलस्नेक असू शकतो. हात टेकण्यापूर्वी कपारीत पाहा.

भारतातून आई-बाबा आले असतील आणि चढ त्यांना जमणार नसेल, तर त्यांना गाडीने थेट वरच्या पिकनिकच्या जागेत आणा. तिथून कड्यापर्यंत सोपे चालणे आहे. कट्ट्यावर बसून, थर्मासमधला चहा घेत गिधाडे आणि गरुड पाहणे हा पूर्ण दिवसाचा आनंद आहे. त्यांच्यासाठी साधी 8×42 दुर्बीणच द्या आणि ती आधी त्यांच्या डोळ्यांना जुळवून द्या.

दुपार आणि संध्याकाळ

बारा ते चार पक्षी गप्प असतात. जेवा, झोप काढा, नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. प्रत्येक टप्प्याची यादी वेगळी ठेवा: तळ, उतार, कडा. एकाच मोठ्या यादीत सगळे टाकले तर पुढच्या वर्षी कोणता पक्षी कुठे होता ते सांगता येत नाही.

मुक्काम असेल तर अंधार पडताना रानाच्या कडेला उभे राहा. व्हिप-पूअर-विल हा रातव्याच्या कुळातला पक्षी आपलेच नाव न थांबता घोकतो. तो दिसणार नाही, टॉर्चही मारू नका, आवाज पुरेसा आहे.

गाडीत बसण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतली माती घासून काढा. गार्लिक मस्टर्डसारखे परके तण याच मातीतून एका जंगलातून दुसऱ्यात पोहोचते. वाइल्ड पार्सनिपच्या पिवळ्या फुलांना हात लावू नका. त्याचा रस लागलेल्या जागी ऊन पडले की त्वचा भाजते. शेकोटीची लाकडे घरून आणू नका, तिथलीच विकत घ्या.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर पूल ओलांडून आयोवात जा. 1949 मध्ये जाहीर झालेले एफिजी माउंड्स राष्ट्रीय स्मारक तिथल्या कड्यावर आहे आणि फायर पॉइंटवरून हीच नदी दुसऱ्या बाजूने दिसते. तिथे पूर्वेकडे पाहावे लागते, म्हणून ते दुपारनंतर करा. नोव्हेंबरमध्ये पुन्हा या भागात येणार असाल तर उत्तरेला मिनेसोटातल्या ब्राउन्सव्हिलच्या काठावर थांबा. दक्षिणेकडे निघालेले टुंड्रा हंस तिथे हजारोंनी उतरतात आणि ते पाण्यावर असल्यामुळे दुर्बिणीपेक्षा स्पॉटिंग स्कोपच जास्त कामाला येतो.